तारेवरचं माप

तिथे डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेला
आणि त्याच्या खांद्यावरून काचेचे डबे जातात, येतात.
सरकतं दार, थंड हवा, कुणाचंतरी गाणं,
खाली होड्या तांदळाएवढ्या.
मी सगळं मोबाइलवर धरून आणलं,
शहाद्याला बस बदलून, पुढे तापीकाठी, गावी,
बाबांना दाखवायला.

ते अंगणात परहाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होते.
आधी हात पुसले, मग चष्मा.
व्हिडिओ दोनदा पाहिला.
समुद्राकडे नाही. वर, खांबाच्या टोकाकडे.
"दोर कितला जाड शे?"
मी म्हटलं, माहीत नाही.
"चाकले ग्रीस कोन लावस?"
तेही माहीत नाही.
"मंग तू बठनाच कसा?"

एकतीस पावसाळे ते तापीवरच्या तारेला लटकले.
दोन काठांना दोन लोखंडी मनोरे, मधे एक तार,
तारेला पाळणा : चार पट्ट्या, एक फळी, एक हँडल.
काच नाही. दारही नाही.
झिपरूकाका हँडल फिरवत, बाबा नदी मोजत.
शिशाचा मासा दोरीने खाली सोडायचा,
त्याच्या डोक्यावर वाट्यांचं चक्र;
पाणी वाट्या फिरवतं, कानात टिकटिक वाजते,
ती मोजायची, घड्याळ दाबायचं, आकडा लिहायचा,
पुढच्या खुणेवर सरकायचं.
अख्खी नदी अशी पंचवीस तुकड्यांत कापून
ते दुपारी जेवायला घरी यायचे.

पुरात झाडं यायची मुळांसकट.
एकदा बैलगाडी आली, जू तसंच, बैल नव्हते.
बैल आधीच सुटले असतील,
असं ते दर वेळी सांगतात, कुणी न विचारता.

मी सात वर्षांचा असताना
त्यांनी मला एकदाच पाळण्यात घेतलं,
नियमाबाहेर, वैशाखात, नदी गुडघाभर असताना.
तेव्हा कळलं,
मधोमध तार झोळीसारखी खाली गेलेली असते
आणि तिथून पुढे चढ असतो.
काठावरून ती सरळ दिसते.

आता पुलाच्या कठड्याला एक पांढरी पेटी आहे.
पाण्याला हात न लावता ती पातळी वाचते
आणि कुठल्याशा ऑफिसला परस्पर कळवते.
"चांगलं शे," बाबा म्हणतात, "आते कोनी मरत नही."
झिपरूकाकांचं नाव ते घेत नाहीत.
वांगं उलटतात. साल तडकते.

तार किलोवर गेली, एक मनोराही.
पाळणा मात्र आमच्या गोठ्यात आहे,
लिलावात त्याला कुणी बोलीच लावली नाही.
फळीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली,
माझ्याकडे एका डोळ्याने बघत.
मी सहज वरच्या चाकाला बोट लावलं.
चाक फिरलं. आवाज नाही.
बोट काळं झालं, ओलं,
या आठवड्यातलं ग्रीस.

जेवताना भाकरीवर भरीत वाढत त्यांनी विचारलं,
"समिंदर दखायना?"
दिसला.
"पातळी कितली व्हती?"
मी हसलो. ते हसले नाहीत.
समुद्राला पट्टी लावलेली असते का, हे मी पाहिलं नव्हतं.
म्हटलं, आपलंच पाणी असेल त्यात, तुम्ही मोजलेलं.
"नही," ते म्हणाले, "तो दुसरा समिंदर.
आपलं सुरतले जास."
आणि पातीचा कांदा तोडला.

मग ताट सरकवून :
"तो खांब परत दखाड."
मी मोबाइल त्यांच्या कानाजवळ धरला,
त्यांनीच तसा धरायला लावला.
डबा खांबावरून जाताना खट्‌ असं वाजतं,
प्रत्येक खांबाला, गाण्याच्या खाली.
मी त्यात बसलो होतो आणि ऐकलं नव्हतं.
बाबांनी डोळे मिटले होते,
डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता,
एक, दोन,
तिसऱ्यापाशी ते थांबले, म्हणाले,
"आठे जरा उशीर व्हस."